पाच जागांची पंगत

गंगासागर आत्या मांडवात शिरल्या की वाढप्यांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. हातात पळी नाही, बादली नाही, नुसती एक वेताची काठी. आणि तीही टेकायला नव्हे, दाखवायला. काठीचं टोक वळेल तिकडे वरण धावायचं. "तिसऱ्या वळीत चौथं पान कोरडं हाय!" एवढी हाक पुरे, दोन बादल्या एकमेकींवर आदळत तिकडे पोचायच्या. तंबूतल्या नाटकात विंगेत उभं राहून सगळा प्रयोग पेलणारा एक माणूस असायचा. प्रेक्षकांना तो कधी दिसत नसे, पण तो तापाने आडवा झाला की राजाला मुकुट सापडत नसे. घाटनांदूर आणि भोवतालच्या दहा-बारा गावांतल्या लग्नांचा तसा माणूस म्हणजे आत्या. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि या पस्तीस वर्षांत त्यांना स्वतःला पंगतीत बसलेलं कुणी पाहिलं नाही. शेवटची पंगत उठली की द्रोणभर येसराची आमटी उभ्या-उभ्या पिऊन त्या म्हणायच्या, "झालं माझं."

चोविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा त्या भावाकडे परत आल्या. भाऊ महालिंगअप्पा, किराणा दुकानदार. तराजूचा काटा सरळ झाल्याशिवाय कशावरही मत न देणारा शांत गडी. त्याच्या शिवकन्येला आत्यांनीच न्हाऊ-माखू घालून वाढवलं. आता ती अंबाजोगाईला कॉलेजात शिकवत होती, आणि तिचं लग्न हे आत्यांच्या मनात पंधरा वर्षांपासून मांडून ठेवलेलं होतं. मंडप कुठे, वळी किती, जिलेबी कितव्या फेरीला, सगळं.

पंगतीचं त्यांचं शास्त्र होतं. पोळ्या कमी पडतील असं वाटलं की मठ्ठा आधी फिरवायचा. पंगत गप्पांत रंगून उठेचना, तर विड्याचं तबक मांडवाच्या दारात नेऊन ठेवायचं. माणसं आपोआप त्या दिशेला सरकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य त्या प्रत्येक नव्या वाढप्याला ऐकवायच्या: "पंगत अन्नानं अडत न्हाई बाळा, जागेनं अडती. आधी जागा मोज, मग भात मोज."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तीन महिने बसून राहायला सांगितलं. आत्यांना बसून राहायला सांगणं म्हणजे मांजराला दह्याची राखण करायला सांगणं. चौथ्या दिवशी त्या काठी घेऊन मोरीत निघाल्या, तेव्हा शिवकन्येने त्यांच्या हातात फोन दिला आणि त्यात एक खेळ उघडून दिला. 'रणपत्ते'.

"हे काय गं? जुगार हाय का?"

"नाही आत्या. पत्त्यांची लढाई. दोघांपुढे पाच-पाच जागा. तिथं आपले पत्ते मांडायचे आणि समोरच्याचा गड फोडायचा. गडाला वीस जीव."

"आन् मनाला यील तो पत्ता मांडता येतो?"

"नाही. प्रत्येक फेरीला दम मिळतो. पहिल्या फेरीला एक, दुसरीला दोन, असा वाढत जातो. हलक्या पत्त्याला थोडा दम लागतो, भारीला जास्त. आणि पाचही जागा भरल्या की नवा पत्ता येत नाही."

आत्यांनी चष्मा नाकावर ओढला. "म्हंजे पंगतच की!"

तीन महिने सरले, गुडघा सुधारला, पण फोन काही खाली ठेवला गेला नाही. येसराचा मसाला भाजताना फोन डब्याला टेकवलेला असायचा. मध्येच दुकानात आवाज यायचा, "मार मेल्याला!" आणि महालिंगअप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तुमाला न्हाई हो. तूरडाळ किती देऊ?"

आत्या जिंकायच्याही बऱ्याच. पण एक खेळाडू त्यांचा वैरी निघाला. नाव लावलं होतं 'पालीचा गजराज', आणि खेळायचाही तसाच. पहिल्या सात फेऱ्या हा गडी हात बांधून बसल्यासारखा. पुढे एखादा भालदार, मागे तटबंदी, बस. आठव्या फेरीला आठ दम जमले की खेळातला सगळ्यात भारी पत्ता यायचा: गजराज. तो आला की दोन फेऱ्यांत गड भुईसपाट. वर फोनमधून तुताऱ्या वाजायच्या. आत्या त्याच्याशी अकरा वेळा लढल्या आणि अकरा वेळा तुडवल्या गेल्या.

"त्याला काय काम-धंदा हाय का न्हाई?" आत्या चिडून म्हणायच्या.

"आत्या, तोही तुमच्याबद्दल हेच म्हणत असेल," शिवकन्या म्हणायची.

मग यंदाच्या चैत्रात खेळात बदल आला. जुन्या पत्त्यांना नवे गुण मिळाले. घोडेस्वाराला धाव मिळाली. गोफणवाली तटावरून, माणसांच्या डोक्यांवरून थेट गडावर दगड मारू लागली. आणि यात्रेकरू नावाचा एक दमाचा बिचारा पत्ता होता, त्याला मिळाला 'पाहुणा' हा गुण. म्हणजे तो आपल्या पाच जागांऐवजी समोरच्याच्या पाच जागांत नेऊन बसवता येणार. तिथे तो लढत नाही, नुसता बसतो. समोरच्याने एक दम खर्चून निरोप दिला तर फेरी संपल्यावर उठतो आणि ज्याने पाठवला त्याच्या हातात परत येतो.

खेळणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. आपला पत्ता शत्रूच्या घरी का पाठवायचा? उलट तो त्याला ढालच होणार! आत्याही वैतागल्या. "एवढा गरीब यात्रेकरू, त्याला पायात जोडा द्यायचा तर पाहुणा केला. कावून?" असं म्हणून त्यांनी आपल्या गड्डीतले चारही यात्रेकरू तळाशी ढकलले.

*

चारच दिवसांनी शिवकन्येच्या लग्नाची बोलणी होती. मुलगा अमरनाथ, तिच्याबरोबर शिकलेला. दोघांनी एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं, घरच्यांनीही मान डोलावली होती. उरली होती ती तारीख आणि जेवणाची तऱ्हा. मुलाचे वडील कल्याणराव, बीडजवळच्या पालीचे. कधीकाळी पंचायत समितीचे सभापती होते. पद गेलं, पण 'सभापती' ही हाक आणि मागची माणसं काही गेली नाहीत.

सकाळी अकराला दोन गाड्या दुकानापुढे थांबल्या. महालिंगअप्पांच्या बैठकीत एक दिवाण, दोन खुर्च्या आणि एक लाकडी बाक. सभापतींची माणसं "राम राम अप्पा, शिवशरणार्थ!" करत आत शिरली आणि मिळेल तिथे टेकली. दिवाणावर तिघं, बाकावर चौघं, खुर्च्यांत दोघं. कल्याणराव सगळ्यांत शेवटी आले, कारण ते वाटेत भेटेल त्याची विचारपूस करत होते. पांढरा सदरा, गुलाबी फेटा, दारात मावणार नाही असा देह. ते उंबऱ्यात उभे राहिले. बसायला जागाच नव्हती. त्यांचीच माणसं पंख्याखाली पाणी पीत निवांत बसली होती, आणि सभापती हसतमुखाने म्हणत होते, "असू द्या, असू द्या, बसा तुमी. मी उभाच बरा!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होत्या. हातातला पोह्यांचा ट्रे तिरका झाला. पोहे घसरत कडेला आले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्या भरलेल्या बैठकीकडे आणि उंबऱ्यातल्या त्या भल्या मोठ्या माणसाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की शिवकन्येने ट्रे काढून घेतला.

"आत्या, काय झालं?"

"काय न्हाई गं," आत्या कुजबुजल्या. "जागेनं अडती."

शेवटी शेजारून खुर्ची आली, सभापती बसले, तारीख ठरली. मग त्यांनी खिशातून एक चकचकीत पत्रक काढलं. "आता जेवण. बीडचे केटरर हायत, लई नाव हाय. बुफे! एकावन्न पदार्थ! पाणीपुरी, चायनीज, बर्फाचा गोळा, सगळं."

आत्या पुढे आल्या. "बुफे म्हंजे हातात ताट घिऊन रांगंत उभं राहायचं, तेच ना?"

"हां."

"ते तर आमी टँकरपाशी रोजच करतो. पावण्याला बी तेच करायला लावायचं?"

बाकावरची चौघं हसली आणि सभापतींकडे पाहून गप्प झाली. कल्याणराव मात्र मोकळेपणाने हसले. "आत्याबाई, तुमच्या पंगतीचं नाव आमच्या पालीपत्तुर हाय. पण जमाना बदलला. आन् तुमचा गुडघा! तुमी आता मस्त खुर्चीवर बसा आन् लग्न बघा."

ते प्रेमाने बोलले होते, त्यात वावगं काही नव्हतं. पण शिवकन्येला आत्यांचा चेहरा दिसला. खुर्चीवर बसून शिवकन्येचं लग्न बघायचं! पंधरा वर्षं मनात मांडलेल्या वळी कुणीतरी एका फटक्यात गुंडाळून ठेवल्या. महालिंगअप्पा तराजू नसल्यामुळे गप्प, आणि बैठक अवघडली.

तेवढ्यात कल्याणरावांच्या सदऱ्याच्या खिशातून तुताऱ्या वाजल्या.

त्यांनी घाईने खिसा दाबला. "ते... एक खेळ हाय. पोरखेळ."

आत्यांनी काठी उचलली आणि तिचं टोक थेट त्या खिशावर रोखलं. "पालीचा गजराज?"

सभापतींचा हात खिशावरच थिजला. त्यांनी आत्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुमी... 'येसरवाली आत्या'?"

"अकरा येळा तुडवलंत मला!"

"आवो, पर लई झुंजवता तुमी! त्या सातव्या डावात तर घाम फुटलता मला!" सभापती खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या अमरनाथने तोंडावर हात धरला. शिवकन्या दाराआड खाली बसली, कारण हसून तिच्या पोटात दुखायला लागलं.

"मग लावा पैज," आत्या म्हणाल्या. "एक डाव. तुमी जिंकला तर बुफे, मी गुमान खुर्चीवर बसते. मी जिंकले तर पंगत. जमिनीवर, पत्रावळीवर."

"आक्का!" महालिंगअप्पांना पहिल्यांदा वाचा फुटली.

पण कल्याणरावांनी फेटा काढून शेजारच्याच्या मांडीवर ठेवला होता. "काढा फोन इवाईनबाई!"

*

दोन खुर्च्या समोरासमोर आल्या. सभापतींच्या मागे त्यांची नऊ माणसं, आत्यांच्या मागे शिवकन्या, तिची आई म्हणजे आत्यांच्या वहिनी, आणि तूरडाळ घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं.

आत्यांनी तळाशी ढकललेले चारही यात्रेकरू वर काढले.

पहिल्या फेरीला त्यांनी एक यात्रेकरू उचलला आणि सभापतींच्या घरी नेऊन बसवला. दुसऱ्या फेरीला आणखी दोन. सभापतींनी आपला नेहमीचा भालदार मांडला होता, त्याच्या बाजूला हे तिघं येऊन टेकले.

"हे काय, तुमची माणसं आमच्यात?" कल्याणराव खूश झाले. "या, या, बसा! फुकटची ढाल झाली बघा. आता तटबंदी कशाला खर्चायची?"

"माणसं वाढली दादा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"माणूस आला की वाढतोच आपण," कल्याणराव म्हणाले. राजकारणात त्यांनी आयुष्यभर हाच एक हिशेब ठेवला होता: दारात आलेल्याला बसवायचं, उठवायचं नाही.

तिसऱ्या फेरीला चौथा यात्रेकरू बसला. एक भालदार, चार पाहुणे. पाच जागा. सभापतींना त्याचं काहीच नव्हतं. आठव्या फेरीपर्यंत ते तसेही हात बांधूनच बसायचे. आत्यांनी आपल्याकडे पुढे एक तटबंदी घातली आणि तिच्यामागे एकेक करत चार गोफणवाल्या उभ्या केल्या. दगड पाहुण्यांच्या डोक्यांवरून सूं सूं करत गडावर पडू लागले. वीस जीवांचे सतरा झाले, तेरा झाले, नऊ झाले.

"मारू द्या, मारू द्या," कल्याणराव मिशीवर हात फिरवत होते. "आठवी आली. आता बघा इवाईनबाई, मांडव हलतो का न्हाई!"

त्यांनी आठ दमांचा गजराज बोटाने उचलला आणि ऐटीत पुढे सरकवला. गजराज परत हातात आला. पुन्हा सरकवला. पुन्हा परत. फोनवर अक्षरं उमटली: जागा शिल्लक नाही.

"ह्याला काय झालं बे?"

"दादा, बसायला जागा न्हाई," मागचा म्हणाला.

"जागा न्हाई म्हंजे? गजराज हाय तो!"

"तुमीबी मघा उंबऱ्यातच हुबे होते की सभापती," आत्या म्हणाल्या, आणि बैठक अशी हसत सुटली की तूरडाळवाल्या बाईने पिशवी खाली टाकली.

कल्याणरावांनी घाईने एका पाहुण्याला निरोप दिला. पण पाहुणा उठणार फेरी संपल्यावर. तो उठला, आत्यांच्या हातात आला, आणि गजराज पाऊल उचलायच्या आत आत्यांनी त्याला परत तिथेच बसवला. पस्तीस वर्षांची सवय. उठलेल्या पानाखालचं पाणी वाळायच्या आत दुसरं पान. दगड पडले. पाच जीव.

नवव्या फेरीला सभापतींनी दोघांना उठवलं. आत्यांनी दोघांना बसवलं. "हर हर महादेव! वाढा रे!" त्यांना आता फोनचंही भान नव्हतं, काठी हवेत फिरत होती. एकच जीव उरला.

दहाव्या फेरीला अमरनाथ वडिलांच्या कानाशी वाकला. आपण कुणाच्या बाजूचे हे तो विसरला असावा, किंवा खेळाडू म्हणून त्याला राहवलं नसावं. "बाबा, एक वाट हाय. भालदाराला तटबंदीवर घाला. तो तिथं मरंल आन् जागा लगेच मोकळी हुईल. गजराज आत!"

आत्यांनी ते ऐकलं आणि त्यांची फिरती काठी हवेतच थांबली. पोरगं बरोबर बोलत होतं. गजराज एकदा आत आला असता तर येता-येताच तटबंदीसकट चारही गोफणवाल्या त्याच्या पायाखाली. खुर्ची त्यांना समोर दिसली. प्लॅस्टिकची, लाल.

कल्याणरावांचं बोट भालदारावर गेलं. मागे नऊ माणसं माना पुढे काढून उभी होती. त्यांतला सगळ्यात जुना, तीन निवडणुका ज्याने सभापतींच्या सतरंज्या उचलल्या होत्या तो राधाकिशन, हळूच म्हणाला, "दादा, आमचीबी येळ आली की असंच करताल का हो?"

बोट थांबलं.

"पहिल्या फेरीपासून हाय तो तुमच्यापाशी," राधाकिशन भालदाराकडे बोट दाखवून म्हणाला. "बाकीचे तर सगळे जेवायला आलेत."

सभापतींनी फोनकडे पाहिलं, राधाकिशनकडे पाहिलं, मग एक लांब उसासा टाकला. असा उसासा की तो मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू जावा. "न्हाई बाबा. आपला माणूस हाय तो." आणि त्यांनी भालदारावरचं बोट उचलून चारही पाहुण्यांना निरोप दिला.

चारही पाहुणे उठले. आत्यांनी चारही बसवले. शेवटचा दगड सुटला.

तुताऱ्या वाजल्या, पण या वेळी आत्यांच्या फोनमधून.

वहिनींनी शेजारच्या गिऱ्हाइकाला मिठी मारली. महालिंगअप्पा दुकानात जाऊन एक किलो पेढे घेऊन आले आणि वजन न करताच वाटू लागले. कल्याणराव मोठ्याने हसत टाळ्या वाजवत होते. "च्यायला! पावण्यांनीच बुडवलं की मला!"

*

लग्न वैशाखात झालं. घाटनांदुरात शाळेच्या मैदानावर वीस वळींची पंगत बसली. वांग्याची भाजी, येसराची आमटी, बुंदी, जिलेबी. आत्यांची काठी सकाळपासून फिरत होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला, पण तो दुखतोय हे लक्षात यायला त्यांना वेळ कुठे होता? पहिली पंगत जेवून संपली. दुसरीची माणसं कडेने उभी राहिली. आत्यांनी खूण केली, पण कुणी उठेना.

आमच्याकडे इवाई, म्हणजे व्याही, उठल्याशिवाय पंगत उठत नाही. आणि पहिल्या वळीत मधोमध कल्याणराव मांडी घालून बसले होते, हात धुतलेले, द्रोण रिकामे, चेहरा समाधानी. शेजारच्या पानावर ताट पालथं घालून, वर आपला गुलाबी फेटा ठेवून त्यांनी ते अडवलं होतं. मांडीवर फोन.

"उठा सभापती," आत्या म्हणाल्या. "माणसं खोळंबलीत."

"एक डाव. न्हाईतर उठत न्हाई."

आत्यांनी काठीने खूण केली. लगेच विड्याचं तबक मांडवाच्या दारात गेलं. चारशे माना तिकडे वळल्या. कल्याणराव हलले नाहीत. ते हलत नाहीत हे पाहून चारशे माना परत वळल्या.

"तो डाव ठावं हाय मला," ते म्हणाले. "सूनबाईनं सांगितलं."

शिवकन्या शालू सावरत अमरनाथच्या मागे लपली.

"आवो, दुसऱ्या पंगतीला जागा न्हाई! आन् तुमी दोन-दोन जागा अडवून बसलात!"

"दोन कुठं?" कल्याणरावांनी फेट्यासकट ताट उचललं. खाली पत्रावळ होती, स्वच्छ, भरलेली: भात, वरण, वांग्याची भाजी, दोन जिलेब्या, आमटीचा द्रोण. "एक माझी. दुसरी पस्तीस वर्षांपासून रिकामी हाय, आसं राधाकिशन म्हणला. त्यानंच वाढून घेतलीया. तुमी जेवल्या की मी उठतो."

आत्या काठी टेकून उभ्या राहिल्या. यंदा पहिल्यांदाच ती टेकायला लागली. मग त्यांनी ती जवळच्या वाढप्याच्या हातात दिली, एक हात शिवकन्येच्या खांद्यावर ठेवला, आणि अवघडलेला गुडघा लांब करत पत्रावळीपुढे बसल्या. मांडवात कुणीतरी शिट्टी मारली.

पहिला घास तोंडात घालून त्यांनी तिसऱ्या वळीकडे पाहिलं.

"चौथं पान," त्या भरल्या तोंडाने म्हणाल्या, "कोरडं हाय."

"जेवा गप!" अख्खी पंगत ओरडली.